पहिल्या शनिवारचा तास

आमचा सलूनवाला मोठा मानी माणूस. वीस वर्षं मी त्याच्याच हाती डोकं देतोय. गिऱ्हाइकांच्या घरच्या भानगडी तो पोटात ठेवतो, स्वतःच्याही. त्यामुळे बायको मुलीला घेऊन वेगळी झाली, हे मला सहा महिन्यांनी कळलं. रागच आला मला. एवढा परका होतो का मी?

कोर्टानं त्याला महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक तास दिला होता, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत. पोर नऊ वर्षांची. सात शनिवार ती त्याच्याकडे पाठ करून बसली, चकार शब्द काढला नाही. या खेपेला तिनं नको म्हटलं तर भेटी बंद, असं समुपदेशक बाईंनी बजावलं होतं. म्हणून सोबतीला मी गेलो.

आणि या शहाण्यानं दारातच घोळ घातला. दुकानातून तडक आलेला, खिशात कात्री तशीच! शिपायानं ती काढून घेतली. बायकोचा वकील लगेच 'लिहून घ्या, लिहून घ्या' म्हणून मागे लागला.

"अहो, केस कापतो तो!" मी ओरडलो. "त्याच्या खिशात काय खुळखुळा सापडणार?"

मलाच इमारतीबाहेर काढलं. तासभर मी पायऱ्यांवर बसून सगळ्यांना शिव्या घातल्या, अर्थात मनातल्या मनात.

तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. पोर आजही पाठ करूनच बसली होती, म्हणाला, केस डोळ्यांवर येत होते, सारखी हातानं मागे सारत होती. पूर्वी तोच कापायचा, खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तिला वर बसवायचा. आज हात शिवशिवत होते, पण तिला हात लावायची परवानगी नव्हती. शेवटी बाईंनी तिला विचारलं, "पुढच्या महिन्यात भेटायचंय का बाबांना?" पोरीनं दाराच्या काचेकडे पाहिलं. पलीकडे आई उभी होती. मग तिनं मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले.

"मला बघवेना," तो म्हणाला. "मीच म्हटलं, नको म्हण बाळा, बाबा रागावणार नाही."

"अरे मूर्खा!" माझा तोल गेला. "मग? काय म्हणाली ती?"

"नको म्हणाली."

तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. डोळे भरून आले होते आणि वेडा हसत होता.

"पण वळून म्हणाली हो. माझ्याकडे बघून म्हणाली."