लविनाच्या मागची सीट

रायडर म्हणजे काय, हे मला आमच्या भुईगावातल्या पोरांनी समजावून सांगितलं आहे. काळं जाकीट, गुडघ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या, हेल्मेटवर कॅमेरा. शिवाय इंजिनाचा आवाज इतका मोठा हवा की चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्या फादरांना मध्येच थांबावं लागेल. आमच्याकडच्या दमट हवेत ही पोरं त्या जाकिटात घामाने निथळतात, पण काढत नाहीत. एकदा मी विचारलं, "बाबांनो, दर रविवारी जाता तरी कुठे?" तर त्यांचा म्होरक्या ॲल्रॉय म्हणाला, "कुठे जायचं नसतं अंकल, राइड करायची असते." त्यानंतर मी त्याला काही विचारलं नाही. माझे दोन्ही गुडघे गेलेत. मला कुठेतरी जायचं असतं आणि जाता येत नाही. मला ती भाषा कशी कळणार?

आता लविनाबद्दल सांगतो. ती जाकीट घालत नाही. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, डोक्यावर नवऱ्याचं जुनं हेल्मेट आणि बुडाखाली नवऱ्याचीच जुनी मोटारसायकल. नवरा मर्विन वाडीतली केळीची पानं आणि सोनचाफा पहाटे पापडीच्या बाजारात न्यायचा. तो अचानक गेला. दिरांनी सांगितलं, गाडी विकून टाक, बाईमाणसाला झेपायची नाही. लविना म्हणाली, पानं काय चालत जाणार आहेत? मग घरामागच्या वाडीत, नारळांच्या मधून, ती एकटी शिकली. पडली, उठली, पुन्हा पडली. तिच्या सासूने तेव्हा गल्लीभर सांगितलं होतं की सून वेडी झाली. पावसाळा संपेपर्यंत तीच सासू सुनेच्या मागे बसून दवाखान्यात जायला लागली.

गावाने तिला स्कूटी घेण्याचा सल्ला किती वेळा दिला असेल, याला गणती नाही. बाईने स्कूटी चालवावी असं आमच्या लोकांना वाटतं. का वाटतं, ते कोणी सांगत नाही. लविना त्यावर एकच बोलायची, "पानांचा भारा स्कूटीवर बसवून दाखवा, मग घेते."

मी रिचर्ड, तिचा शेजारी. गुडघ्यांमुळे मला चर्चला जाणं जमत नाही. गावात माझं धरून अशी चार घरं आहेत. आम्हा आजाऱ्यांना रविवारी घरी येऊन कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, द्यायचं काम आधीच्या फादरांनी लविनाकडे दिलं होतं, कारण आमच्या बोळांतून चारचाकी शिरत नाही आणि रविवारी सगळ्या रिक्षा बीचवरच्या पाहुण्यांनी पळवलेल्या असतात. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की फादर एका लहान गोल डबीत ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रसादाची पातळ भाकर, ठेवून ती डबी तिच्या गळ्यात घालत. भरलेली डबी गळ्यात असेपर्यंत रस्त्यात विनाकारण थांबायचं नाही आणि कोणाशी एक शब्द बोलायचा नाही, ही आमच्याकडची रीत. घरात गेल्यावर प्रार्थनेपुरतं तोंड उघडायचं, बस. ती येताना दिसली की रस्त्यातली माणसं बाजूला होऊन क्रूसाची खूण करतात, आणि ती नुसती मान लववून पुढे जाते. हे आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. लक्षात ठेवा, शेंबड्या पोराला.

त्या रविवारी मी ओट्यावर वाट पाहत बसलो होतो. टेबलावर पांढरा रुमाल, मेणबत्ती, सगळी तयारी. माझ्या ओट्यासमोर रस्ता वळतो. बीचवरून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांना चिकटून वाळू येते, ती नेमकी त्या वळणावर साठते. लविना तिथे नेहमीसारखी हळू आली, आपल्या बाजूने. समोरून ॲल्रॉय आला तो रस्त्याच्या उलट्या बाजूने, मान वळवून मागच्या मित्रांना हात दाखवत. त्याचं हँडल हिच्या हँडलला लागलं. लविनाने गाडी कुंपणात घातली. ती घातली नसती तर हे चिरंजीव तिच्यासकट गटारात गेले असते. मी हे माझ्या डोळ्यांनी, दहा पावलांवरून पाहिलं.

लविना उठली. पहिल्यांदा गळ्यातली डबी चाचपली. मग गाडी उभी केली. कोपरातून रक्त येत होतं. आणि ॲल्रॉय, ज्याला साधं खरचटलंही नव्हतं, तो हेल्मेट काढून ओरडायला लागला, "आंटी, बघून चालवता येत नाही का? चूक कोणाची, बोला ना. बोला." त्याचे मित्र मोबाइल काढून शूटिंग करत होते. लविनाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, किक मारली आणि माझ्या दारात आली. नळावर कोपर धुतलं, हात स्वच्छ केले, प्रार्थना म्हटली, मला कम्युनियन दिलं. मी विचारलं, "फार लागलंय का गं?" तिने डबीकडे बोट दाखवलं. अजून तीन घरं बाकी होती.

शेवटचं घर लुईझाबायचं. लुईझाबाय म्हणजे ॲल्रॉयची सख्खी आजी. तिथे डबी रिकामी झाली, आता लविनाला बोलता आलं असतं. म्हातारीने रक्त पाहून विचारलंही. लविना म्हणाली, "कुंपणाला घासले." आजारी बाईच्या उशाशी उभं राहून तिच्या नातवाचं नाव घ्यायला तिचं मन झालं नाही. मी घेतलं असतं. अगदी मोठ्याने घेतलं असतं.

दुपारपर्यंत ते शूटिंग गावाच्या ग्रुपवर आलं. टक्कर त्यात नव्हतीच. होता तो फक्त ॲल्रॉयचा प्रश्न आणि लविनाचं गप्प राहणं. खाली कोणीतरी लिहिलं, "चूक होती म्हणूनच तोंडातून शब्द फुटला नाही." त्याखाली अंगठ्यांची रांग. अंगठे कोणाचे? दर रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्यांचे.

संध्याकाळी लविना चर्चचा कारभार पाहणाऱ्या पॅरिश कौन्सिलच्या सेक्रेटरीकडे गेली. हिलरी त्याचं नाव. तिने झालेलं सगळं सांगितलं. आणि या हिलरीने, ज्याने अर्ध्या गावाला लहानपणी धर्मशिक्षण शिकवलं, ज्याने लविनालाही डबी घेऊन जाण्याची रीत स्वतः समजावली होती, त्याने तिला काय विचारावं? "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही. मी हिलरीला फोन करून सांगितलं की मी पाहिलंय. तो गोड आवाजात म्हणाला, "रिचर्ड, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना?" मी म्हटलं, "झालंय, म्हणूनच दिसतं." त्याने फोन ठेवला. ॲल्रॉयला त्याने माझ्या फोनच्या आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "शूटिंग बघा ना." हा ॲल्रॉय लहानपणी कितीतरी वर्षं चर्चमध्ये वेदीवर फादरांच्या हाताखाली सेवा करायचा. गळ्यात डबी असलेली बाई उत्तर देणार नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. म्हणूनच तर तो इतक्या जोरात विचारत होता.

कौन्सिलने निर्णय घेतला. लविनाने आता डबी न्यायची नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दुसरी सोय होईपर्यंत आजाऱ्यांनी टीव्हीवर मिस्सा पाहावी. फादर नवीन बदलून आलेले, ते कौन्सिलच्या शब्दाबाहेर गेले नाहीत.

लविना माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. "अंकल, गाडी नको म्हणाले असते तर ऐकलं असतं. पण हे म्हणतात चूक माझी. आणि तुम्ही चौघं? लुईझाबाय रविवारी उजाडायच्या आधीपासून आंघोळ करून बसते. तिला मी काय सांगू?"

मी म्हटलं, "तिला मी सांगतो." आणि लुईझाबायला फोन करून नातवाचा पराक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. टक्कर नेमकी कुठे झाली, ते तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." एवढंच.

पुढच्या रविवारी मिस्साच्या खूप आधी माझ्या फाटकात मोटारसायकल थांबली. सीटवर घडी घातलेली गोधडी दोरीने बांधलेली.

"चला अंकल," लविना म्हणाली. "डबी तुमच्याकडे येत नाही तर तुम्हीच तिच्याकडे चला."

"अगं, मी पडेन."

"पानं नाही पडत माझी कधी. तुम्ही कसे पडाल?"

माझ्या मुलाने मला उचलून बसवलं. मी तिचा खांदा धरला आणि डोळे मिटले. ते थोड्या वेळाने उघडले, कारण काही होतच नव्हतं. आमच्या रस्त्यावर खड्डे आहेत, पाइप टाकायला खणलेले चर आहेत, आणि मला त्यातलं काही लागलं नाही. पुढे खड्डा आला की ती आधीच सांगायची, "अंकल, जरा वळवते हं," आणि गाडी अलगद बाजूने जायची. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस मागे बसलाय, हे ती एक क्षणही विसरली नाही. त्या जाकीटवाल्यांच्या कॅमेऱ्यात हे कधी येणार नाही, कारण यात दिसण्यासारखं काही नसतं.

मला चर्चच्या आवारात उतरवून ती परत गेली. दुसऱ्याला आणलं, तिसऱ्याला आणलं. आवारात रायडर पोरं उभी होती, माणसं मिस्साला येत होती, सगळे बघत होते. शेवटी लुईझाबाय आली. लाल लुगडं नेसून, एका बाजूला पाय सोडून, ताठ बसलेली. ॲल्रॉय तिला उतरवायला धावला.

म्हातारी उतरली नाही. बसल्या जागेवरून तिने विचारलं, "तू हिला धडकलास का?"

"आजी, आत चल. मिस्सा सुरू होतेय."

"होऊ दे. धडकलास का?"

त्याने मित्रांकडे पाहिलं. मित्र आपापल्या गाड्यांचे आरसे पुसायला लागले होते. "हो," तो म्हणाला.

"आनि ही का बोलत नव्हती, ते तुला म्हाईत होतं?"

दुसरा "हो" त्याने जमिनीकडे बघत दिला. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरली.

हे आवारातल्या सगळ्यांनी ऐकलं. हिलरीनेही ऐकलं. कोणी लविनाजवळ जाऊन "चुकलं आमचं" म्हणालं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या गावचे नाही. अंगठे देणारे घाईघाईने आत जाऊन बसले. मिस्सा झाल्यावर हिलरी तिच्याकडे आला आणि घसा साफ करून म्हणाला, "झालं गेलं सोडून देऊ. पुढच्या रविवारपासून तूच डबी नेत जा." एक शब्द माफीचा नाही. उपकार केल्यासारखा चेहरा.

लविना म्हणाली, "बरं सर. नेईन." आणि लगेच आम्हाला घरी सोडायला गाडी वळवायला गेली.

मी असतो तर डबी तुमची तुम्हीच न्या म्हणालो असतो आणि वर चार शब्द ऐकवले असते. म्हणून ती पुढे बसते आणि मी मागे.