सुगडातलं मत

माझं मत पाटलाच्या दत्तारावानं चावून खाल्लं. माझ्यासमोर. सगळी पोरं हसली, आणि त्यांत माझा सख्खा दादाही होता.

निजामाचं राज्य होतं. पेडगावच्या अलीकडचं आमचं गाव. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून, आणि तेही पोरांनाच. त्या साली पाथरीचे एक गुरुजी गावात राहून पोरींना मराठी शिकवायला तयार झाले. अडचण जागेची. मारुतीच्या पारामागं एकच खोली रिकामी होती, आणि पोरांना तिथं तालीम हवी होती. मला वाचायला शिकायचं होतं. लग्न ठरायच्या आत. एकदा सासरी गेले की संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दत्ताराव हैदराबादला शिकून आलेला. तो म्हणाला, "भांडायचं कशाला? तरण्या पोरापोरींनी मत द्यावं. शाळेला हरभरा, तालमीला तूर."

पोरींनीही मत द्यायचं! आम्ही नुसत्या हुरळून गेलो.

पोरांचं गाडगं पारावर. आम्ही पारावर कशा बसणार? दादा सांगून गेला, "पोरींचं मत घरीच गोळा कर अन् घिऊन ये." संक्रांत नुकतीच झाली होती. घरात सुगड होतं, तेच घेतलं. गल्लीतली एकेक पोरगी आली, ओच्यातून ओला हरभरा काढला, मूठभर सुगडात टाकला. तुरीला एकीनंही हात लावला नाही. सुगडात एकच दाणा कोण टाकतं? वाणाचं सुगड भरायचं असतं, आईनं तेच शिकवलेलं. माणशी एकच दाणा, हे पारावर ठरलं होतं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुगड घेऊन मी पारावर गेले. पोरांच्या गाडग्यात तूरच तूर. दत्तारावानं आमच्या सुगडात डोकावलं आणि खो खो हसला.

"ह्ये मत हाय का वाण? एक म्हंजी किती, त्येबी कळंना ह्यांना."

मग त्यानं मूठभर हरभरा तोंडात टाकला. "वाण तर खायचंच असतंय," म्हणत सुगड पुढं सरकवलं. दादानंही मूठ भरून घेतली.

अंगाची लाही झाली. मी म्हणाले, "पुन्हा मत घ्या. एकेकच दाणा टाकताव आमी."

"आता झालं त्ये झालं," दत्ताराव म्हणाला. "अन् तालीम कुणासाठी करायलाव? दिवस लय वाईट हायेत, टोळ्या गावात कवा घुसतील नेम न्हाई. तुमचीच अब्रू राखायला न्हवं का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अब्रू आमची, मग मत तेवढं तुमचंच कसं?"

दादा उठला आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दिली. सुगड पडून फुटलं.

दिवस खरंच वाईट होते, खोटं कशाला बोलू. भीती मलाही वाटायची. पण भ्यालेल्या पोरीनं वाचायला शिकू नये, असं कुठं आहे?

तालीम झाली. गुरुजी आलेच नाहीत. आखाड्याची माती चाळायला पोरींना बोलावणं आलं. आई म्हणाली, "जा गं, दादाचा मान राख." मी चाळणी उंबऱ्यावर ठेवली.

"ज्यांनी मत खाल्लं, त्यांनीच चाळावी."

आईनं बडवलं. मी गेले नाही. माझं बघून गल्लीतल्या आणखी दोघी घरी बसल्या. बाकीच्या गेल्या.

पुढच्या संक्रांतीच्या आत माझं लग्न लावून दिलं. अक्षरओळख राहिली ती राहिलीच. त्याचा राग अजून पोटात आहे, आणि तो मला विझवायचा नाही. आता कुणी मत मागितलं, तर वाण म्हणून देणार नाही. दुसऱ्याच्या हाती पाठवणार नाही. एकच दाणा, माझ्या हातानं, सगळ्यांच्या गाडग्यात टाकीन. आणि मोजून होईपर्यंत तिथून हलणार नाही. कुणी तो तोंडात घातलाच, तर जबड्यात हात घालून बाहेर काढीन.