बटर पेपरवरचा भोवरा

मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर हातात आला की सुरतेतलं, नव्वदच्या दशकातलं ते लग्न आठवतं. संध्याकाळी बातम्यांनंतर उपग्रहाचं चित्र येई. शेजारचे मास्तर आणि मी टीव्हीच्या काचेवर बटर पेपर दाबून पावसाचा अंदाज बांधायला उंचावरच्या हवेतल्या कमी दाबाचा, ढगांचा भोवरा घाईघाईने गिरवायचो. मास्तरांच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सगळे कागद एकावर एक ठेवले, तर भोवरा फुगून सुरतेला टेकलेला. मास्तर येरझाऱ्या घालू लागले. "अहो, मांडव मैदानातच ना? एकदाचं सांगा!" मास्तरांच्या बायको, काकू, वैतागल्या. मीच म्हणालो, "शाळेच्या हॉलमध्ये न्या." दुसऱ्या दिवशी कोंदट हॉलमध्ये अक्षता पडल्या आणि बाहेर लख्ख ऊन. घामाघूम मास्तर कानाशी पुटपुटले, "अरे, काल आपण रुखवतातल्या नव्या टीव्हीवर गिरवलं. त्याची काच मोठी." आता फोनवर ढग दोन बोटांनी मोठा करताना माझा हात थबकतो.