माझ्या वाट्याचं गाऱ्हाणं

बाकीच्या मुली आयुष्याची दिशा आपल्या आपण शोधतात. माझी दिशा शोधायला आमच्या अख्ख्या वाडीने चार वर्षं देवाला कामाला लावलं होतं, आणि तेही मोठ्याने, माझ्या तोंडावर.

आमच्या तारकर्लीत चतुर्थीला पूजा-आरती आटोपली की गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. पाठ केलेलं काही नसतं. ज्याचा पंप बिघडलाय त्याचा पंप, जिची सून बाळंतपणाला गेलीय तिची सून, ज्याची होडी अजून किनाऱ्यावरच उपडी आहे त्याची होडी, असं एकेकाचं नाव घेऊन तो मागत जातो. प्रत्येक मागण्याच्या शेवटी ‘रे म्हाराजा’ आलं की मागची मंडळी एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून त्यावर शिक्का मारतात. आमच्या वाडीतल्या सातही घरांत हे काम माझ्या चुलत आजोबांकडे होतं. उमेदीची वर्षं त्यांनी मचव्यावर, शिडाच्या होडीवर काढलेली. ते खळ्यात, म्हणजे अंगणात बोलले तर किनाऱ्यावरची माणसं वळून बघायची.

मी बारावी झाले त्या वर्षी माझी ओळ साधी होती, ‘ह्या चेडवाक बरी बुद्धी दी रे म्हाराजा!’ चेडू म्हणजे मुलगी. बुद्धी काय, सगळ्यांनाच हवी असते. मीही हात जोडून उभी राहिले. पुढल्या वर्षी मात्र आजोबांनी देवापुढल्या नारळावरून हात काढला, माझ्याकडे वळून बघितलं आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, ह्यां आमचां चेडू पेटी वाजयता, चित्रां काढता, नाटकां लिवता, आता कॅमेरो घेवन खाडयेर फिराक लागलां. ह्येतलां एकय पुरां करीना. तेका खंयची तरी एक वाट दाखय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इतका दणदणीत होकार त्या दिवशी कोणाच्या पंपालाही मिळाला नव्हता. मुंबईहून आलेला माझा चुलतभाऊ तर दोनदा ओरडला. आणि हे एकदा नाही, सात घरांत सात वेळा. मी रागाने पाय आपटत विहिरीवर जाऊन बसले. मोदक मात्र नंतर खाल्ले. आजोबांवरचा राग मोदकांवर कशाला काढायचा?

आता त्यांचं म्हणणं खोटं होतं का? नव्हतं. म्हणूनच तर एवढी मिरची झोंबली. आमचं तीन खोल्यांचं न्याहारी निवास आहे. पाहुण्यांच्या जेवायच्या पडवीत भिंतीवर मी एक भलीमोठी सुरमई रंगवायला घेतली होती. डोकं झालं, कल्ले झाले, पोटाची चंदेरी चमकही साधली, आणि तेवढ्यात शाळेच्या मुलांचं नाटक लिहायचं आलं. नाटक अर्ध्यावर असताना पेटीवर एक तान बसायला लागली. तान बसेपर्यंत कोणीतरी कॅमेरा हातात दिला. सुरमई कमरेपर्यंतच राहिली. पाहुणे बाबांना विचारत, “काका, बाकीचा मासा कुठे गेला?” बाबा ताट पुढे सरकवत सांगत, “तुमच्या ताटात.”

मला आळशी म्हटलेलं मात्र चालणार नाही. मी दिवसभर राबत असायची, फक्त चार दिशांना. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. एक धरलं तर बाकीची तीन मुकाट मरून जातील, आणि मग त्या एकातही आपल्याला काही येत नाही असं निघालं तर? अर्धी सुरमई निदान पुढे चांगली होईल अशी आशा तरी ठेवते.

गाऱ्हाण्याचा सूड मात्र मी पुरा केला. आजोबा काय काय बोलतात ते पेटीच्या वहीत मागच्या पानांवर उतरवून काढलं आणि शाळेच्या गॅदरिंगला त्यांची नक्कल बसवली. आजोबांचं काम मीच केलं, धोतर नेसून. नकलेतले आजोबा सगळ्यांचं मागून झाल्यावर हळूच स्वतःसाठी तपकिरीचा डबा मागतात, असा शेवट होता. लोक हसून हसून लोळले. आजोबा पहिल्या रांगेत होते आणि सगळ्यात जास्त तेच हसत होते. माझ्या सुडातली सगळी हवाच गेली.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या पडवीत येऊन बसले. मला वाटलं, आता ओरडा बसणार.

“मधे मधे घाई करतंस,” ते म्हणाले. “लोकांका श्वास घेवंदे. तेंका ‘व्हय’ म्हणूचां आसता, तेंची जागा तेंका दी.”

“बरां.”

“आनी तो तपकिरीचो डबो काढून टाक. गाऱ्हाणां घालणारो सोतासाठी कधी मागना नाय. तेच्यासाठी मागूचां तर दुसऱ्या कोणी मागूचां.”

त्यानंतर ते अधूनमधून येत आणि मी वहीत लिहिलेलं वाचायला लावत. कुठे थांबायचं, कोणाचं दुखणं चारचौघांत काढायचं आणि कोणाचं नुसतं ‘घरातली अडचण’ म्हणून झाकायचं, हे सांगत. मी ते ऐकायची, कारण मला नाटकासाठी उपयोगाचं वाटायचं. चतुर्थीला माझी ओळ मात्र ते सोडत नव्हते. ‘खंयची तरी एक वाट’ दर वर्षी व्हायचीच, आणि वाडीचा शिक्काही.

बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली तेव्हा मे महिन्यात पुण्याची एक बाई आमच्याकडे राहायला आली. तिचं डिझाइनचं छोटं ऑफिस होतं. मसाल्याची पाकिटं, पापडाचे पुडे, असल्या वेष्टनांवरची चित्रं करायचं. जेवता जेवता ती त्या अर्ध्या सुरमईकडे बघत राहिली. जाताना माझी चित्रं मागून घेतली. ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला, गणपती झाले की कामाला ये, तुमच्या पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी हो की नाही ते कळव.

आईने तो मेसेज तीनदा वाचायला लावला आणि देवापुढे साखर ठेवली. बाबा दोन दिवसांनी भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, “माशाची शेपटी कधी पुरी करतंस?” बाबा पंचायत समितीत कारकून होते. मनातलं सरळ बोलायची त्यांना सवय नाही. जाऊ नको असं त्यांना म्हणायचं होतं, हे मला कळलं. आणि मला स्वतःला काय म्हणायचं होतं? रोज सकाळी मी पुण्याला जायची आणि संध्याकाळपर्यंत परत आलेली असायची. डोक्यातल्या डोक्यात. पेटी तिथे कुठे ठेवणार? नाटकं कोणासाठी लिहिणार? आणि नाही गेले तर इथे अजून किती मासे अर्धे रंगवणार?

त्यातच आजोबांच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, कोल्हापूरला नेऊन काढली. पण डॉक्टरांनी महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. आजोबा गळ्यात पाटी अडकवून परत आले. पाटी त्यांच्या लहान पणतीची, खडूही तिचाच. पहिल्याच दिवशी त्यांनी जेवताना पाटी वर धरली: ‘आमटीक मीठ नाय.’ माणूस मुका झाला तरी मालवणीच राहतो.

चतुर्थी आली. पूजा झाली, आरती झाली, खळं माणसांनी भरलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पहिलं घर आमचं, म्हणून बाबा पुढे झाले. घरात मालवणी बोलणारे बाबा, पण हात जोडून उभे राहिले की त्यांना समोर साहेब दिसतो, मग तो गणपती का असेना.

“हे गजानना,” बाबांनी घसा साफ केला, “आम्ही सर्व ग्रामस्थ आपणांस नम्र विनंती करतो की, चालू वर्षी वाडीतील सर्वांच्या आरोग्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी.”

पुढे ‘रे म्हाराजा’ आलंच नाही. मंडळी तोंड उघडून ताटकळली. बाबांना घाम फुटला.

“तसेच, कोणतीही अडचण उद्भवल्यास...” एवढं म्हणून त्यांनी श्वास घेतला.

“व्हय म्हाराजा!” सगळे एकदम ओरडले. किती वेळ दाबून धरणार बिचारे?

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आई कपाळावर हात मारून म्हणाली, “आवो, ह्यां काय मागलात तुमी?” अख्ख्या वाडीने मिळून देवाकडे अडचण मागून घेतली होती आणि वर एकमताने शिक्काही मारला होता.

तेवढ्यात पाटीवर खडू वाजला. आजोबांनी एकच शब्द लिहिला होता, ‘चेडू’, आणि बोट माझ्याकडे होतं. “चेडू घालतलां गाऱ्हाणां?” मागून कोणीतरी विचारलं. आजोबांनी त्या शब्दाखाली दोन जाड रेघा मारल्या.

मी पुढे गेले. डोकं कोरं होतं. वही आत पेटीखाली होती. मग आठवलं, पहिल्यांदा घरातली घाण काढायची.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हटलं, “माझ्या बापाशीन आताच जी अडचण मागल्यान, तो कागद चुकान दुसऱ्या टेबलार गेलो, असां समज रे म्हाराजा!”

हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच ‘व्हय म्हाराजा!’ आलं. त्यात बाबांचाही आवाज होता. त्यानंतर मी थांबले नाही. मागे वळून चेहरा बघायचा आणि मागायचं. ज्याच्या होडीचं इंजिन रत्नागिरीला अडकलंय, ज्या काकीच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, ज्या मुलाची आठवी नोकरीची परीक्षा आहे. तानेवरून समेवर यावं तसं ‘रे म्हाराजा’वर यायचं आणि त्यांची जागा त्यांना द्यायची. मी घाई केली नाही. चार वर्षांत अर्धवट सोडलेलं सगळंच त्या दिवशी माझ्या मदतीला धावून आलं होतं, आणि मला फार मजा येत होती.

शेवटी आजोबांकडे वळले. “पन्नास वर्सां जो सगळ्यांसाठी मागत इलो, तेच्यासाठी आमी कधी कोणी मागूक नाय. तेचो आवाज तेका परत दी रे म्हाराजा!”

देवाच्या डोक्यावर टांगलेल्या माटवीच्या चौकटीतली फळं हलली, असा होकार आला. आजोबांनी टॉवेल तोंडावर धरला.

संपलं. मी नमस्काराला वाकणार, तेव्हा जाणवलं की माझी ओळ राहिली. घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं. जिचा चार वर्षं राग केला, ती ओळ यंदा नाही म्हटल्यावर माझा पाय देवासमोरून निघेना. यंदा तर खरी गरज होती.

पुन्हा खडू वाजला. बराच वेळ वाजत राहिला. आजोबांनी पाटी बाबांच्या हातात दिली. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग आवाज काढला तो साहेबासमोरचा नव्हता.

“ह्यां चेडू खंयय जावंदे,” बाबा वाचत होते, “फुडल्या वर्साक गाऱ्हाणां घालूक हाडून हयसर उभां कर.”

कुठेही जाऊ दे, पण पुढल्या वर्षी इथे आण, पाटीवर एवढंच होतं. पुढचं बाबांनी आपल्या पदरचं घातलं, जरा थांबून, “रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आणि या खेपेला माझ्या ओळीला मीही ओरडले, चुलतभावापेक्षा मोठ्याने.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याला येते म्हणून कळवलं, आणि कामाला लागायच्या आधीच पुढल्या चतुर्थीची रजा मागून ठेवली. निघायच्या आदल्या सकाळी रंगाचे डबे काढले. म्हटलं, निदान शेपटी तरी पुरी करून जाऊ. चंदेरी रंग ढवळत होते तोच बाबा आले. त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

“ऱ्हवंदे ती,” ते म्हणाले. “फुडल्या वर्साक.”