टेबलावरचा उष्टा कप

वसतिगृहाची मेट्रन म्हणून मावशींनी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींना शिस्त लावली आणि निवृत्त झाल्यावर सिनेमाच्या शाळेत जाऊन बसल्या. वर्गातली सगळी पोरं त्यांना मावशी म्हणत. शिकवणारे सर त्यांच्या मुलाहून लहान होते. मावशी वर्गात शिरल्या की ते सवयीने उठून उभे राहत, मग आपण सर आहोत हे आठवून खिडकी उघडल्यासारखं करत.

घरी अहोंचं म्हणणं एकच. "या वयात लोक देवदर्शनाला जातात."

"देव घरातही दिसतो," मावशी म्हणत. "कॅमेरा काही घरात शिकवत नाहीत."

पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटा मुका सिनेमा करायचा होता. तो पसंत पडला तर दुसरं वर्ष, नाहीतर पुन्हा पहिल्याच बाकावर. विशीतल्या पोरांना एक वर्ष गेलं तर काय फरक पडतो? मावशींच्या गुडघ्यांना मात्र ते परवडणारं नव्हतं.

त्यांची गोष्ट साधी होती. एक म्हातारा टेबलाशी बसून मुलाच्या फोनची वाट बघतो, समोरचा चहा निवून जातो. म्हातारा म्हणून अहो होतेच, आयते. फक्त कॅमेरा समोर आला की ते ओळखपत्राचा फोटो काढत असल्यासारखे ताठ बसायचे आणि श्वास कोंडून धरायचे.

"अहो, वाट बघा."

"बघतोय की."

"माझी नका बघू. फोनची बघा."

सिनेमा वर्गात लावला आणि पोरं हसायला लागली. पडद्यावर म्हाताऱ्यासमोर अर्धा कप चहा. लगेच पुढच्या दृश्यात टेबल लख्ख, कप गायब. त्यानंतर तोच कप ओट्यावर धुऊन पालथा. आणि शेवटी पुन्हा म्हाताऱ्यापुढे, काठोकाठ, वाफाळता.

"मावशी," सर चाचरत म्हणाले, "या घरात भूत आहे का?"

भूत कोण ते मावशींना तेव्हाच कळलं. एक दृश्य झालं की त्या कॅमेरा उचलून दुसरीकडे लावायच्या, आणि मध्ये जो काय वेळ मिळेल त्यात हात आपोआप कपाकडे जायचा. उष्टं भांडं टेबलावर ठेवून बाईने दुसऱ्या कामाला लागायचं, हे त्यांच्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. सर भले, म्हणून त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली.

शनिवारी मावशींनी देवापुढे हात जोडले आणि हे हात आज जरा आवर, एवढंच मागितलं. टेबलावर एक कागद चिकटवला. हात लावू नये.

सून म्हणाली, "मीसुद्धा नाही?"

"तुझ्यासाठी नाही गं, माझ्यासाठीच लावलाय."

अर्धं काम झालं आणि उजेड गेला. म्हणजे अर्धा कप चहा, बिस्किटाचा चुरा, चुरगळलेलं वर्तमानपत्र, सगळं तसंच ठेवून झोपायचं. नवीन लग्न होऊन आल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. सकाळी अहोंनी विचारलं, "झोप लागली का?" मावशी आधी टेबल बघायला गेल्या.

रविवारी टेबलावर मुंग्यांची रांग लागली होती. भिंतीवरून खाली, टेबलाच्या पायावरून वर आणि थेट कपात.

मावशींनी फडकं उचललं. सुनेने मनगट धरलं. "आई, कागद."

"अगं, पण काल मुंग्या नव्हत्या. आता काल एक आणि आज एक दिसणार. गेलं माझं वर्ष." मावशी मटकन खुर्चीत बसल्या. मग घेतलंच आहे तर संपवू, म्हणून त्यांनी कॅमेरा चालू केला.

अहो आले, ताठ बसले, श्वास कोंडला. तेवढ्यात त्यांची नजर मुंग्यांवर गेली. त्यांनी रांगेला आडवं बोट ठेवलं. मुंग्या बोटाला वळसा घालून गेल्या. अहोंना ते पटलं नसावं, त्यांनी बोट सरकवलं. मग चुऱ्याचा एक मोठा कण नखाने ढकलून एका मागे पडलेल्या मुंगीसमोर नेला आणि तिला तो पेलतोय का, हे वाकून बघत राहिले. खांदे उतरले होते, तोंड जरासं उघडं. कॅमेरा, बायको, सिनेमा, काही म्हणता काही त्यांच्या ध्यानात नव्हतं. मावशींनी फडकं मुठीत आवळलं आणि कॅमेरा चालूच ठेवला.

सोमवारी त्यांनी बिनमुंग्यांची दृश्यं आधी लावली, मुंग्यांची नंतर. वर्गात कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "फोन आला नाही, दिवस उलटला, हे मुंग्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याला सोबतही त्यांचीच. कसं सुचलं तुम्हाला?"

खोटं बोलायची मावशींना सवय नव्हती. "सुचलं नाही सर. आवरलं नाही फक्त."

सरांनी मान हलवली आणि त्यांचं नाव दुसऱ्या वर्षात घातलं.

घरी अहो दारातच उभे होते. "काय म्हणाले?"

"पास झाले."

"ते झालं. माझ्या कामाबद्दल काय म्हणाले?"

मावशी चपला काढत म्हणाल्या, "मुंग्यांचं काम फार आवडलं त्यांना."

"आणि माझं?"

"तुम्ही साथ चांगली दिलीत."

अहोंनी सदऱ्याची कॉलर नीट केली. मग घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या सिनेमात मी एकटा असेन. आधीच सांगून ठेवतो."