गोधडीखालचा फ्रिज

वर्षाचा फोन आला तेव्हा मी राजापेठेतल्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होते. नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनवाल्यांना आपण अजून जिवंत आहोत हे मशीनवर अंगठा ठेवून दाखवावं लागतं. माझ्यापुढे चार-पाच जण होते. "मॅडम, आई गेली पहाटे," एवढंच ती म्हणाली. मागून कुणीतरी पुढे सरका म्हणालं आणि मी सरकले. दुपारी नेणार आहेत, असं तिनं सांगितलं. अमरावतीहून चांदूर रेल्वे काही फार लांब नाही आणि तिथून पुढे त्यांचं गाव अगदी जवळ. पण मी रांग सोडली नाही. माझा अंगठा पहिल्यांदा उमटला नाही, दुसऱ्यांदाही नाही. काउंटरवरच्या बाईंनी बोट पुसायला लावलं आणि तिसऱ्या वेळी मी जिवंत ठरले. तोवर दोन वाजून गेले होते. वर्षाच्या आईच्या, पंचफुलाबाईंच्या बाबतीत मी बहुतेक वेळा अशीच वागले, म्हणून आज तीन आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे.

पंचफुलाबाई आमच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवत. नवरा लवकर गेला होता, पदरात एकटी वर्षा, शेत नाही. शाळेचं मानधन कधी दोन महिन्यांनी येई, कधी चार, त्यामुळे घर चालायचं ते रेशनच्या धान्यावर आणि निंदण-वेचणीच्या मजुरीवर. उंच, हडकुळ्या, बोलायला कमी. पण त्यांची एक पद्धत होती आणि ती माझ्या लक्षात यायला मला दोन-तीन वर्षं लागली. एखादं लेकरू सकाळी उपाशी आलंय हे त्यांना ते फाटकातून आत शिरतानाच कळायचं. त्याला त्यांनी कधी "भूक लागली का?" असं विचारलं नाही. वाढून झालं की त्या पातेलं घेऊन त्याच्याजवळ जात आणि कपाळाला आठ्या घालून म्हणत, "एवढी उरली पाह्य, संपव बरं. मले भांडं घासा लागते." जणू ते पोर त्यांच्यावर उपकार करतंय. पोरही मग ऐटीत ताट पुढे करायचं. मी बी.एड. केलं, प्रशिक्षणं केली, पण एवढं शहाणपण मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी गरिबी पाहिलेली आहे, आणि हे सांगताना माझा आवाज जरा चढतो हे मला ठाऊक आहे. आमचं बौद्ध घर, वडील रेल्वेत गँगमन, आम्ही पाच भावंडं. बहात्तरच्या दुष्काळात आई मिलोची लाल ज्वारी आणायला रेशनच्या रांगेत जायची तेव्हा पिशवी पदराखाली धरायची. ओळखीचं कुणी दिसलं तर तोंड वळवायची. त्या मिलोच्या भाकरी खाऊन आम्ही शिकलो, नोकऱ्यांना लागलो. खरं तर ती लपवलेली पिशवी आठवून मी मवाळ व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आम्ही वर आलो मग यांना काय धाड भरली, असं मला वाटू लागलं. फुकटच्या धान्यानं बाया माजल्या, निंदणाला कुणी मिळत नाही, रेशनचा तांदूळ विकतात, बायकांच्या खात्यात पैसे टाकून सरकारनं माणसं आळशी केली... स्टाफरूममध्ये चहाबरोबर हे सगळं निघायचं आणि त्यात माझा वाटा कुणापेक्षा कमी नसायचा. पलीकडच्या पडवीत, चुलीच्या धुरात पंचफुलाबाई तांदूळ निवडत असायच्या. मधे भिंत होती, पण ती अर्धीच होती.

एका दिवाळीला आमच्या घरी नवा फ्रिज आला. जुन्याचा कॉम्प्रेसर गेलेला, दुरुस्तीवाल्यानं हात झटकलेले. पंचफुलाबाईंच्या घरी उंदीर फार, रेशनचं अर्धं धान्य तेच खातात, हे मला माहीत होतं. मीच म्हटलं, घेऊन जा, उंदरांना काही फ्रिजचं दार उघडता येत नाही. त्यांना इतका आनंद झाला की मालवाहू ऑटोतून तो गावात शिरला तेव्हा त्या ऑटोसमोर चालत होत्या. आत वरच्या कप्प्यात डाळ आणि मिठाचा डबा, खाली तांदूळ-गहू, दारातल्या बाटल्यांच्या जागी वर्षाची वह्या-पुस्तकं. घरात विजेची लाइन नव्हतीच, कापून नेली होती. मी पाहायला गेले तेव्हा त्यांनी दार चार वेळा उघडून-मिटून दाखवलं आणि मला अगदी कृतकृत्य वाटलं.

पुढच्या वर्षी रेशनकार्डांची पडताळणी निघाली आणि नेहमीप्रमाणे ती शिक्षकांच्या गळ्यात पडली. घरोघर जायचं, छापील फॉर्मवर आहे-नाही अशा खुणा करायच्या. पक्की भिंत, मोटारसायकल, टीव्ही, फ्रिज. त्या दिवशी सकाळीच एका घरी मी मोटारसायकल लिहिली म्हणून भांडण झालं होतं. तो माणूस चारचौघांत म्हणाला, तुमच्या मर्जीतल्यांचं बरोबर सोडाल तुम्ही. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मी मर्जीतलं-बिर्जीतलं काही मानत नाही, सरकारी कागदावर खोटं लिहीत नाही, असं नाकानं कांदे सोलत मी दुपारी पंचफुलाबाईंच्या दारात पोहोचले. मागे पाच-सात माणसं आलेली. मी वाचत गेले, त्या उत्तरं देत गेल्या. फ्रिजचा रकाना आला तेव्हा मी जराशी थांबले. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी नाही लिहिलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "तुमी देल्लेला हाय मॅडम. नाही कसं म्हनू?"

आणि मी खूण केली. दिलेली वस्तू चारचौघांत नाकारणं त्यांना अपमान वाटला, माझा अपमान. बंद आहे, धान्य ठेवायला आहे, हे शेजारी दोन शब्दांत लिहिता आलं असतं. जागा नव्हती म्हणावं, तर समासात भरपूर जागा होती.

तीन महिन्यांनी त्यांचं नाव यादीतून गेलं. रेशन दुकानदारानं मशीन दाखवलं आणि सांगितलं, बाई, तुमचं काही येत नाही यात. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. रोज वेळेवर यायच्या, दीडशे पोरांची खिचडी शिजवायच्या आणि घरी जाताना पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड डब्यात घेऊन जायच्या. ती एरवी कुत्र्यांनाच घालायचो आम्ही. पण शाळा समितीतल्या एकाला ते दिसलं. त्यानं मधल्या सुट्टीत सगळ्या पोरांसमोर त्यांची पिशवी पालथी केली. डबा उघडला, तर आत करपलेली, काळी-पिवळी खरवड. पोरांचं अन्न घरी नेते, म्हणून तो ओरडला. वर, फ्रिज आहे घरात आणि नाटकं करते, असंही म्हणाला. मी हजेरीपट घेऊन व्हरांड्यात उभी होते. तो फ्रिज माझा आहे, बंद आहे, त्यात ती उंदरांपासून धान्य राखते आणि आता राखायला धान्यही नाही... एवढं बोलायला किती वेळ लागला असता? मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. पंचफुलाबाईंनी डबा उचलला, खरवड कुत्र्यांच्या ताटलीत ओतली आणि पातेलं घासायला बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पातेल्यात सगळ्यांच्या देखत पाणी ओतून ठेवायच्या.

वर्षा तेव्हा चांदूर रेल्वेला दहावीत होती. सातवीपर्यंत मीच तिला शिकवलेलं. गणितात तिच्याइतकं तयार पोर माझ्या हाताखालून फारसं गेलं नाही. डिसेंबरात ती अकोल्याला मावशीकडे गेली ती डाळ मिलमध्ये कामाला, आणि परीक्षेला परत आली नाही. कळलं तेव्हा मात्र मी रजा टाकून पंचफुलाबाईंबरोबर तहसीलमध्ये जाऊ लागले. अर्ज, तपासणी, या खिडकीतून त्या खिडकीत. एक कारकून त्यांच्याकडे न पाहता मला म्हणाला, कशाला मागे लागता मॅडम, या लोकांना सवय असते. मी त्याच्याशी भांडले, चांगलं तावातावानं भांडले, आणि माझ्या लक्षात आलं की तो माझीच वाक्यं म्हणतोय. दीड वर्षानं नाव परत लागलं. गावात माझं कौतुक झालं, मॅडमनी गरिबाचं रेशन सुरू करून दिलं म्हणून. मी ते कौतुक मुकाट्यानं घेतलं. वर्षाची दहावी मात्र राहिली ती राहिलीच.

निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ आटोपल्यावर मी पडवीत गेले आणि त्यांना सांगितलं, की फॉर्मवर मी लिहायला नको होतं, चूक माझी होती. त्या चूल सारवत होत्या. हात थांबला नाही. "मॅडम, मीनं सांगतलं तेच लिवलं तुमी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "माह्याच तोंडातून हाय निघालं ना." मला वाटलं होतं त्या रागावतील किंवा माफ करतील. दोन्हींसाठी अंगात जोर लागतो. त्या नुसत्या थकल्या होत्या. मग म्हणाल्या, "उरली हाय जराशी, संपवा. भांडं घासा लागते," आणि माझ्यासमोर खिचडीचं ताट ठेवलं. सकाळपासून भाषणांच्या गडबडीत मी काही खाल्लं नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

नंतर वर्षातून एकदा-दोनदा मी जायचे. फ्रिज तिथेच होता, पण त्याच्या डोक्यावर आता एक गोधडी घडी करून ठेवलेली असायची. कागद किंवा फाइल घेतलेलं कुणीही गल्लीत दिसलं, मग ती अंगणवाडीतली बाई असो की मतदार यादीवाला, की पंचफुलाबाई काही न बोलता उठून ती घडी मोडत आणि फ्रिजवर खालपर्यंत सोडत. वरून एखादी बुद्धाची तसबीर किंवा देवाचा फोटो ठेवतात तसं नाही, नुसती गोधडी. बिछाने रचलेत असं वाटायचं. माझ्यासमोर त्यांनी एकदा असं केलं आणि मला ओशाळवाणं हसू आलं. त्या हसल्या नाहीत. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर अजूनही फुकटखाऊंचे विनोद रोज येतात. पाठवणाऱ्यांत पेन्शन न घेणारा एकही नाही. मी एकदा तसं लिहिलं तर दोघांनी हसरे चेहरे टाकले आणि तिसऱ्यानं सुप्रभात. आता मी वाद घालत नाही, खोडून टाकते. माझीही ताकद संपत आली आहे.

दहाव्या दिवसानंतर मी गावी गेले. वर्षा आता कायमची तिथेच राहते, नवऱ्याचं आणि तिचं फार काळ जमलं नाही. मुलगी चार वर्षांची आहे. मी बसस्टँडवरून चालत गेले. गळ्यात साखळीला चष्मा, खांद्याला काळी पर्स आणि हातात डायरी, पैसे पाठवायला वर्षाच्या बँक खात्याचा नंबर लिहून घ्यावा म्हणून. नवी पडताळणी सुरू आहे असं वाटेत कुणीतरी म्हणालं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. घराचं दार उघडं होतं. वर्षा आत भिंतीला टेकून बसली होती, रडून रडून डोळे सुजलेले. तिनं दारात माझी सावली पाहिली, मान वर केली, उठली, आणि आधी फ्रिजवरची गोधडी खालपर्यंत ओढली. चारी कोपरे नीट केले. मग वळून म्हणाली, "या मॅडम, बसा."

मी बसले. डायरी पर्समध्ये ठेवून दिली. तिनं मला ओळखण्याआधी ती गोधडी ओढली की ओळखल्यावर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.