सामाईक भिंतीतलं भोक

बायको वारली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही भरीत केलं. मी वांगी भाजली, तिनं ठेचली अन् वाटीभर सामाईक भिंतीतल्या भोकातून शेजारणीला दिलं.

पुढं मी धुळ्याबाहेरचं ते घर विकायला काढलं. किंमत ठरवायला एक अनोळखी माणूस आला. चपला बाहेर काढून, भिंतींवर बोटं वाजवत फिरला.

"आबा, गल्लीच्या भावापेक्षा कमीच येतील. भिंत सामाईक आहे."

तेवढ्यात भोकातून शेजारणीनं वाटी सरकवली. "आबा, जेयी ल्या. गरम शे."

माणूस वाटीकडं बघत राहिला. हळूच म्हणाला, "घेणारा पहिलं हे भोक बुजवील."

"बुजवू दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्यानं भरीत केलं. करपलं. तरी वाटी भरून पलीकडं सरकवली.